ओहोटी

दोन हजार डुकरं, मी वाचलं,
अशुद्ध आत्मे शिरले आणि कड्यावरून थेट पाण्यात.
पेनिसिमानीनं चटईवरूनच हात वर केला:
"बाई, आमची डुकरं तर रोज जातात समुद्रात.
पोटापर्यंत पाणी. खेकडे खातात, परत येतात.
मग ती का बुडाली?"

घाबरली असतील, म्हटलं.

"आणि भुतं? त्यांना पोहता येतं?"

तोंगातल्या आमच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये
पाळकांनी घोकून घेतलेलं एक उत्तर होतं माझ्याकडे.
जिभेवर आलं, तिथंच चिकटलं.

"पण डुकरांचं काय चुकलं होतं?"

बाहेर ओहोटी.
त्याची काळी डुकरीण खडकांवरून परतत होती,
नाकाला वाळू.
मी तिच्यामागची पिल्लं मोजली.
सहा.
सकाळी किती होती, त्याला विचारलं नाही.