आवाज कसा येतो ते सांगा

कानावरचं पेन काढत
डेल्मर कांगस काउंटरमागून विचारतो,
आवाज कसा येतो ते सांगा.

व्हर्न म्हणतो, टक्.
थोडं थांबून पुन्हा, टक्.
मी म्हणते, टक् कसलं, खुळखुळतं.
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात एकच बटण राहिलं असावं तसं.
आणि चाळीसच्या पुढे गेलं की
वरून एक बारीक शीळ.
"शीळ?" व्हर्न माझ्याकडे बघतो,
पाहुण्यांसमोर मी घरातली गोष्ट काढल्यासारखा.
डेल्मर कागदावर लिहितो : आवाज.
पुढे जागा सोडतो.

दोन हजार दोनची ब्लेझर.
दोन लाख एक्केचाळीस हजार मैल,
म्हणजे शेवटचे दिसले तेव्हा.
थंडीत आकडे विझतात,
दुपारी मनात आलं तर उगवतात.
मागचं दार उघडत नाही, म्हणून बटाट्यांचं पोतं
बाजूने, सीटवरून, आजारी नातेवाइकासारखं आत घ्यायचं.
हीटर फक्त माझ्या डाव्या पायाला ओळखतो.
इंजिनचा पिवळा दिवा तीन वर्षं लागलेलाच,
त्यावर मी बँड-एड चिकटवली
तर व्हर्न म्हणाला, बघ, झाली बरी.

डेल्मर आम्हाला घेऊन निघतो.
पूल ओलांडून हॅनकॉकच्या चढावर.
मार्च संपत आलाय, कडेचा बर्फ काळा पडलाय.
पस्तीस. अडतीस.
गाडी गप्प.
तपासनीस आल्यावर वर्ग बसतो तशी,
हाताची घडी घालून गप्प.
"आत्ता नाही येत," मी ओशाळून म्हणते.
"आत्ता येतोय," व्हर्न म्हणतो.
त्याचा तळवा दारावर टेकलेला,
बोटं पसरलेली, डोळे मिटलेले.
डेल्मर स्टिअरिंग सैल धरतो, मान हलवतो.
हो. टक्.

मी त्या तळव्याकडे बघत राहते.

गेल्या हिवाळ्यात किटली जळली.
तो चार पावलांवर खुर्चीत होता,
आणि मी म्हटलं होतं, लक्ष कुठे असतं रे तुझं.

गाडी जॅकवर उचलली जाते.
एकवीस हिवाळे हिने या रस्त्यांचं मीठ खाल्लं
आणि खाल्ल्या मिठाला जागली,
खालून, कुणाला न सांगता, पापुद्र्यापापुद्र्याने.
डेल्मर स्क्रूड्रायव्हर चासीला लावतो.
तो आत जातो.
जोर न लावता जातो.
तिघंही तिथे वर बघत उभे,
आणि तांबडा भुगा व्हर्नच्या टोपीवर पडतो.

"टक् म्हणजे बुश. चाळीस डॉलर, आज करून देतो.
खुळखुळ म्हणजे सायलेन्सरचा पत्रा.
पण चासी..." तो हात पुसतो, पुसलेलाच पुन्हा पुसतो,
"पुढचा हिवाळा हिच्यावर काढू नका."
"आणि शीळ?"
"दाराची पट्टी गेलीय. वारा आहे तो नुसता."
"काय म्हणतोय?" व्हर्न विचारतो.
बुश बदलतोय म्हणाला, मी सांगते.
बाकीचं घरी सांगेन,
टेबलाशी, समोरासमोर बसून, दिवा लावून.

परतताना व्हर्न चालवतो.
तळवा अधूनमधून दारावर.
"गेला," तो खूश होऊन म्हणतो, "टक् गेला."
चाळीस ओलांडल्यावर शीळ सुरू होते,
अगदी बारीक, माझ्याच बाजूला.
मी काही बोलत नाही, तरी त्याला कळतं.
"येतेय का ती तुझी शीळ?
कशी येते, दाखव."

मी ओठांचा चंबू करते.
तो माझ्या ओठांकडे बघतो,
बघतच राहतो.

रस्त्याकडे बघ, मी म्हणते.
जरा मोठ्याने.