काही नाही

नेरूळला, सेक्टर वीसमध्ये, दुसऱ्या मजल्यावर
झेबा मॅडम चेहऱ्यांची कार्डं मांडतात.
ही भीती. हा राग.
विश्राम म्हणतो : बाई. दात. टिकली.

मेंदूत उजव्या अंगाला सुपारीएवढा डाग.
शब्द सगळे शाबूत, वीजबिलाचा ग्राहक क्रमांकसुद्धा.
फक्त शब्दाखालचा सूर पोचत नाही.

एकतीस वर्षं मी ‘काही नाही’ म्हणायचे
आणि तो पेपर खाली ठेवायचा.
काल चाणक्यच्या मागे, तळ्याकाठी, तेच म्हटलं.
‘बरं,’ म्हणाला,
आणि फ्लेमिंगो मोजत राहिला.
एकशे बारा.

रात्री भात वाढताना मग सरळच सांगितलं :
मला रडू येतंय, विश्राम.
तो थांबला. माझ्या गालाला बोट लावलं,
कार्ड वाचावं तसं म्हणाला,
ओलं.

बरोबर, म्हटलं मी.