नावावरून पत्ता

वेग मोजला, तर चाळीसच्या चाळीस.
पान मात्र उघडत नाही.
पडद्यावरचा गोल फिरतोय,
तेवढ्यात माझा चहा गार.

गांगुर्डे पाथर्डी फाट्यावरून आला,
वायर काढून, फुंकून, परत खोचून गेला.
"लाइन चोख आहे, ताई."

चोखच होती.
अडत होतं ते विचारण्यात.
यंत्राला नाव कळत नाही, आकडे लागतात;
म्हणून ते दर नावाला कुणाकडे तरी जातं,
विचारतं, हे राहतात कुठे?
आणि तो कुणीतरी पेंगत होता.

भाऊकाका रामकुंडावर नामावळी सांभाळायचे.
यात्रेकरूने आडनाव सांगावं, गाव सांगावं,
की लाल फडक्यातली वही सुटायची
आणि पणजोबा सहीसकट समोर.
शेजारच्या पाटावरचे
"थांबा, बघतो" म्हणत
अर्धा तास गाठच सोडत बसायचे.
घाट तोच. पाणीही तेच.

रात्री अकराला राउटरच्या पोटात शिरले.
पासवर्ड तोच, जो कुणी कधीच बदलत नाही.
जुना पत्ता खोडला,
चार एक लिहिले, मधे टिंबं तीन.
जतन करा.

फट्‌कन उघडलं.
वीजबिल, पोरीचा निकाल,
कुणाच्या तरी बागेतली द्राक्षं,
न मागितलेलंसुद्धा.

मग उगाच काकांचं नाव टाकलं.
त्या नावाची सतरा माणसं आली,
एक तर कॅनडात.
आमचे नाहीत.

वह्या मुकुंददादाकडे गेल्या होत्या.
दादाचं नाव पाठ आहे मला, आडनावासकट, गोत्रासकट.
दोन वर्षं झाली,
नंबर लागत नाही.