गुरुवारचं सूप

रविवारी रात्री मी मोठं पातेलं चढवतो.
बटाटे, कांदा, गाजर, भोपळ्याची फाक,
आणि झुल्मिराच्या आईनं सेतुबालहून धाडलेला कोबी,
पानांच्या बेचक्यात तिच्या परसातली माती तशीच.

सोमवारी त्यात घेवड्याचे पांढरे दाणे पडतात.
मंगळवारी टोमेचं पोहणं, बेनेदिताचं व्हायोलिन;
सूप उभ्याउभ्याच घशाखाली जातं,
एक पाय बुटात, दुसरा ओल्या मोज्यात.
बुधवारी मी हरलो. पिझ्झा मागवला.
पातेलं फ्रिजमध्ये गाल फुगवून बसलं.

गुरुवारी झुल्मिरा इस्पितळातून आली
तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते.
टेबलावर ताटलीनं झाकलेला वाडगा.
शेजारी टोमे, पायजम्यात,
भागाकाराची वही उघडी टाकून.
"जेवलास ना रे?"
"केव्हाच."
तरी दुसरा चमचा त्यानं काढून ठेवला होता.

कोबी दिसला की काठाला सारणारा हा पोरगा
आईच्या वाडग्यातली एकेक हिरवी पट्टी
तोंड वाकडं करत गिळत होता,
मधूनच विचारत होता,
आज कोणी रडलं का तुझ्या वॉर्डात?
ती म्हणाली, एक आजोबा. मग हसलेही.

मी सिंकपाशी, हात साबणात,
पाठ फिरवून ऐकत होतो.
वहीत सत्तेचाळीस भागिले चार,
बाकी तीन, खाली दोन रेघा,
आणि कागदावर सुपाचा एक गोल डाग.

पातेल्यात आता तळ दिसतोय.
उद्या मूठभर तांदूळ टाकीन,
पुरेल.