तासाला किती

बांबोळीच्या आयसीयूत सिस्टर कास्मिरा
दर तासाला वाकते, पिशवीवरची रेघ वाचते,
लिहिते: पंधरा. मग: बारा.

छाती शिवून झाली. काळीज चालतंय, म्हणाले.
आता प्रश्न मूत्रपिंडांचा.

डॉक्टर पुन्हा कागद चाळत होते:
वय एकाहत्तर, साखर वीस वर्षांची,
क्रिएटिनिन आधीच जरा वर,
त्यात पंपावर वेळ लांबला, मध्येच प्रेशर पडलं.
दुखण्याच्या गोळ्या घ्यायचे?

मी म्हटलं, कधीमधी.

खोटं.
आगरवाड्याच्या मिठागरात कंबर धरायची,
रोज संध्याकाळी एक.
पेडण्याहून पाकिटं मीच आणायचे,
पैसेसुद्धा घेतले नाहीत कधी.

सगुणबाबा, मानशीचे राखणदार.
भरतीचं किती आत, ओहोटीला किती बाहेर,
फळीवर नुसता तळवा ठेवून सांगत.
एका पुनवेला ती फळी अडकली,
आणि अख्खं खाजन खारं झालं.
तीन वर्षं भात नाही.

पहाटे चारला उठले. सिस्टरला म्हटलं:
रोज. अकरा वर्षं.
ती काही बोलली नाही. लिहिलं.
पुन्हा वाकली.

अठरा, म्हणाली.

फळी हलली का,
तिला काय विचारणार.