उतार

आधी मोजमाप.
फेब्रुवारीची दुपार, रास्ता पेठेतली फ्रेनी आइस फॅक्टरी,
सोळा वर्षं बंद.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं दगडू खिलारेंच्या.
ते इथे कॉम्प्रेसरवर होते. किल्ली त्यांच्याकडेच राहिली,
कुणी परत मागितली नाही म्हणून.

भिंत अडीच फूट. मी म्हटलं, टेप कुठेतरी अडकलाय.
त्यांनी नखाने पोपडा उचकटला:
वीट, डांबर, बुचाचे थर, पुन्हा वीट.
"गारठा कोंडायचा तर असंच.
चार भिंतींतलं चार भिंतींत."
अमोनियाचा वास अजून होता,
की त्यांनी सांगितल्यावर मला आला,
कोण जाणे.

रस्त्याच्या बाजूला एक बुटकी खिडकी.
तिथून लादी सरकायची, भुशात लोळवलेली, गोणपाटात.
पहाटे मासळीवाले,
दुपारी गोळेवाले, हातगाडीचं चाक फुटपाथला टेकवून,
लग्नसराईत आचारी, मठ्ठ्याच्या पिंपांचा हिशेब ओरडत.
आणि कधी रात्री दोनला
एखादा माणूस, पायात चप्पल नसलेला,
ज्याचा भाऊ मस्कतहून निघाला होता
आणि उद्या दुपारपर्यंत पोचायचा नव्हता.
"त्याला किती पाहिजे विचारायचं नाही.
दोन द्यायच्या. वहीत लिहायचं नाही."

मी माझ्या वहीत लिहिलं:
खिडकी, अठरा बाय चोवीस इंच. ठेवणे.

मग ठरलं, अभ्यासिका करायची.
पेठेत आता बर्फापेक्षा
शांततेला गिऱ्हाईक जास्त.
भंगारवाला कॉम्प्रेसर घेऊन गेला, चाक तेवढं राहिलं,
दारातून निघेना.
कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, जमीन उतरती आहे साहेब,
या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन इंच,
भर घालून एका पातळीत आणू.
खिलारे म्हणाले, "मग पाणी कुठं जाईल?"
कुठलं पाणी?
कॉन्ट्रॅक्टर हसला. मीही थोडासा हसलो,
हे लिहून ठेवतो.
जमीन तशीच राहिली. तत्त्व वगैरे काही नाही,
पैसे संपले.

आता एकशे चाळीस खुर्च्या.
जत, किनवट, वाशीम, भोकरदन.
बाहेर ढोलपथकाचा सराव चालतो, आत
पान उलटल्याचं ऐकू येतं.
छताच्या ज्या रुळावरून आकडे धावायचे
त्याच आकड्यांना डबे लटकतात, सॅक लटकतात,
एक ओला टॉवेल, ज्याला सूचना देऊनही उपयोग झाला नाही.
प्रत्येक टेबलाच्या एका पायाखाली
घडी घातलेली जुनी प्रश्नपत्रिका,
उताराची बाजू सावरायला.
राज्यघटना जरा जाड पडते, म्हणतात,
अंकगणित बरोबर बसतं.

खिडकीत खिलारे. महिना बाराशे, पावती लगेच.
एकदा ते चहाला गेले असताना
मी त्यांचं रजिस्टर चाळलं.
काही नावांपुढे, काही महिन्यांत,
रक्कम नाही, बाकी नाही,
नुसती पेन्सिलची एक आडवी रेघ.
ते परत आले. मी पंख्यांच्या बिलाबद्दल बोललो.

सत्त्याऐंशी नंबरची रेश्मा आडे,
चौथा प्रयत्न, डोळे पुस्तकात,
हात पेन शोधतोय. पेन गेलं.
टेबलावरून खाली, खुर्च्यांच्या पायांमधून,
न घाई करता,
जिथून लादीचं पाणी जायचं त्याच वाटेने
थेट खिडकीखालच्या जाळीपाशी.

तिथे चिवड्याचा एक रिकामा डबा असतो.
साडेनऊला दिवे घालवायच्या आधी
खिलारे तो खुळखुळवतात:
"ज्यांचं ज्यांचं वाहून आलंय,
न्या रे."