सतरा नंबर

प्राणिघरातला कूलर उंदरांसाठी असतो.
मेमध्ये मी त्याच्याच वाऱ्यात डबा खाते.

आज सतरा नंबर.
पाठ भादरली, भूल दिली,
मिशा हलायच्या थांबल्या
तेव्हा डॉक्टर बिराजदार म्हणाले, पाणी?
मी थर्मामीटर वाचला. ऐंशी.
साच्याच्या खिडकीतून पाठ तेवढी पाण्यात.
दहापर्यंत मोजायचं काम माझं.
ओकटी, रेंडू, मूडू...
मनातल्या मनात,
आई कांड्या मोजायची तशी.

ऐंशी म्हणजे किती, ते मला विचारा.
साखर पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी डायहाऊस होतं.
लाल रंगाच्या हौदाला थर्मामीटर नव्हता,
नुसत्या आवाजावरून बाबा सांगायचे, झालं, सूत सोडा.
एकदा पाय घसरला.
हात कोपरापर्यंत लाल निघाला.
त्यात रंग कुठला नि कातडी कुठली
हे कळायला दोन दिवस गेले.
किती सेकंद, कुणी मोजलं नव्हतं.

सतराला सलाइन, दुखण्याचं इंजेक्शन, वेगळा पिंजरा.
वहीत लिहिते : फोड नाही, कातडी पांढरी, कडा तांबूस.
वरच्या मजल्यावर जळीत वॉर्ड आहे.
काल तिथे गड्डमांची श्रावणी आली,
चार वर्षांची, आंघोळीचं पातेलं.
हे मलम तिच्यापर्यंत पोचायला अजून किती उंदीर,
विचारलं की बिराजदार चष्मा पुसत बसतात.

संध्याकाळी दिवे घालवायला गेले
तर सतरा कुशीवर वळलेला.
मी पाण्याची बाटली भरली.
जाळीला लावण्याआधी
मनगटावर दोन थेंब
टाकून पाहिले.